अर्ध्या तासाची सुट्टी

गेल्या महिन्यात नोकरी बदलली. ऑफर लेटर आलं, तेवीस पानी पीडीएफ. सगळे जे करतात तेच मी केलं: आधी सीटीसी, मग त्यातला व्हेरिएबल किती, मग नोटिस पिरियड. उरलेली वीस पानं न वाचता सही करायची ही आपली थोर परंपरा. पण त्या शनिवारी नेमकी लाइट गेली, इन्व्हर्टरवर एक पंखा आणि लॅपटॉप एवढंच चालू होतं, नेटही बंद. मग काय, वाचत बसलो. आणि चौदाव्या पानावर अडकलो.

तिथे लिहिलं होतं की रोजचे कामाचे तास नऊ, जेवणाची आणि विश्रांतीची वेळ वगळून. आणि ही वेळ कामाच्या गरजेनुसार घ्यायची. बास. किती वेळ, कधी, कोण ठरवणार, काही नाही. याच पत्रात लॅपटॉप हरवला तर काय करायचं यावर दीड पान होतं, बरं का.

आधीच्या कंपनीत (नाव नको) याचा अनुभव घेतलाय. बेमधून बाहेर पडलं की कार्ड, आत आलं की कार्ड. सोमवारी सकाळी मॅनेजरला मेल जायचा, मागच्या आठवड्यात कोण किती मिनिटं 'आत' होता. एकदा माझी सरासरी सलग तीन आठवडे साडेआठ तास दिसली, तर मला बोलावून विचारण्यात आलं की जेवायला पंचावन्न मिनिटं कशी लागतात? अहो, लिफ्टच्या रांगेतच वीस जातात. पण लिफ्टच्या रांगेला कार्ड रीडर नसतो ना. त्यानंतर मी डेस्कवरच डबा उघडायला लागलो. कीबोर्डमध्ये शेवेचे तुकडे गेले ते शेवटपर्यंत निघाले नाहीत.

हे सगळं आजोबांना फोनवर सांगत होतो. आजोबा आता पंच्याऐंशीचे आहेत, गावी असतात. १९८२ च्या संपापर्यंत लालबागच्या एका गिरणीत माग चालवायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग भोंगा कधी होतो तुमचा?"

म्हटलं, "आजोबा, भोंगा नसतो आमच्यात."

"मग जेवायला उठता कसे?"

या प्रश्नाचं मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून दोन वीकएंड वाचन केलं, आणि हा लेख त्यातूनच आलाय. थोडा लांबलाय. चहा घेऊन बसा.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये काढली, ती चालू झाली १८५६ मध्ये. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत गिरण्या भराभर वाढल्या. गिरणीचा दिवस घड्याळावर नव्हता, सूर्यावर होता. उजाडलं की चालू, मावळलं की बंद. म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास आणि थंडीत त्याहून दोन-तीन कमी. आठवड्याची सुट्टी नाही. सणाच्या सुट्ट्या मिळायच्या, पण रविवारी बऱ्याचदा यंत्रं पुसायला यावं लागायचं. आणि दुपारी जेवायला? काही गिरण्या पंधरा-वीस मिनिटं इंजिन थांबवायच्या, काही थांबवायच्याच नाहीत.

हे इंजिन थांबवणं म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण इथे आपल्या इंजिनीअरिंगच्या डिग्रीचा पहिल्यांदाच काहीतरी उपयोग होतोय. :-) त्या गिरणीत प्रत्येक यंत्राला वेगळी मोटर नव्हती. खाली एक वाफेचं इंजिन, त्याला जोडलेलं भलंमोठं चाक, त्यावरून प्रत्येक मजल्यावर जाणारे दोरखंड नाहीतर पट्टे, मग छताला आडवा फिरणारा लोखंडी शाफ्ट, आणि त्या शाफ्टवरून एकेका यंत्रावर उतरणारा पट्टा. अख्ख्या गिरणीला एकच प्रोसेस म्हणा ना. एका माणसाला भूक लागली म्हणून ते थांबत नाही. तो आपल्या एका मागाचा पट्टा सरकवून माग थांबवू शकतो, पण तेवढं कापड कमी निघणार, आणि विणकराला मजुरी कापडावर. किंवा मग शेजाऱ्याला सांगायचं, जरा माझ्याकडे लक्ष ठेव, आणि पटकन बाहेर जाऊन दोन घास खाऊन, बिडी ओढून परत यायचं. तसंच चालायचं.

आणि ह्याच गोष्टीवर गिरणीमालकांचा सगळा युक्तिवाद उभा होता. मुंबई सरकारने १८७५ मध्ये पहिलं फॅक्टरी कमिशन नेमलं तेव्हापासून ते १९०८ च्या कमिशनपर्यंत तो वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येतो: इथला कामगार लँकेशायरच्या कामगारासारखा सलग काम करत नाही. तो सारखा उठतो, अंगणात जातो, नळावर जातो, बसतो, बिडी ओढतो. तो स्वतःच एवढी विश्रांती घेतो तर कायद्याने आणखी कशाला द्यायची?

वरवर बघता तर्क बरोबर वाटतो. पण जरा उलटा करून बघा. बारा-तेरा तासांत ठरलेली सुट्टीच नसेल तर माणूस चोरूनच विश्रांती घेणार. आणि चोरून घेतलेली विश्रांती जॉबरच्या मर्जीवर असते. जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम, कामावर घेणारा आणि काढणारा तोच. त्याने बघूनही सोडून दिलं तर सोडलं, नाहीतर दंड. आमच्या सोमवारच्या मेलची आठवण झाली मला.

पहिला फॅक्टरी कायदा आला १८८१ मध्ये. सोराबजी शापुरजी बंगाली नावाचे एक पारशी गृहस्थ त्याआधीपासून अशा कायद्याच्या मागे लागले होते. दुसरीकडे लँकेशायरचे गिरणीवालेही मागे लागले होते, पण त्यांचा हेतू अर्थातच मुंबईचं कापड महाग व्हावं हा. त्यामुळे आपल्याकडची बरीच देशभक्त वृत्तपत्रं या कायद्याच्या विरोधात गेली, टिळक-आगरकरांच्या गोटातलं 'मराठा' सुद्धा. म्हणजे मुंबईच्या पोराला जेवायला सुट्टी द्यावी म्हणणारा मँचेस्टरचा हस्तक ठरायचा. त्यांचं लँकेशायरबद्दलचं निदान चुकीचं नव्हतं असं मला वाटतं. चुकलं ते एवढंच की त्या भांडणात पोराला कुणी विचारलं नाही.

तर १८८१ च्या कायद्याने काय दिलं? शंभर किंवा जास्त माणसं आणि यंत्रशक्ती असलेल्या कारखान्यांत सात वर्षांखालच्या मुलांना बंदी. सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास, मध्ये एक तासाची विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या. मोठ्या माणसांना काय? शून्य. बायकांनाही शून्य. जन्मदाखले नव्हते, त्यामुळे मुलाचं वय डॉक्टर दात बघून ठरवायचे. म्हणजे तुला तासभर विश्रांती मिळणार की नाही हे तुझ्या दाढा सांगणार.

इथे नारायण मेघाजी लोखंडे येतात. हे नाव आता व्हॉट्सॲपमुळे सगळ्यांना माहीत आहे, रविवारची सुट्टी देणारे म्हणून. फॉरवर्ड बरोबर आहे, पण अर्धा आहे. लोखंडे १८४८ साली ठाण्यात जन्मले, रेल्वेत आणि पोस्टात नोकरी केली, मग एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. जोतिराव फुल्यांचे सत्यशोधक समाजातले सहकारी. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेलं 'दीनबंधु' हे पत्र १८८० पासून लोखंड्यांनी मुंबईहून चालवलं. स्टोअरकीपर ही जागा मला महत्त्वाची वाटते. तो यंत्रावर नसतो, पण यंत्रावरच्या प्रत्येकाला रोज बघतो.

१८८४ मध्ये सरकारने पुन्हा एक फॅक्टरी कमिशन नेमलं. लोखंड्यांनी २३ सप्टेंबरला परळला आणि २६ सप्टेंबरला भायखळ्याला कामगारांच्या सभा घेतल्या, आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या पाच होत्या. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास सुट्टी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर इजा झाली तर भरपाई मिळावी.

मी हे वाचताना तिसऱ्या मागणीवर थांबलो. साडेसहा ते सूर्यास्त! आठ तास नाही, दहा तास नाही. साडेसहा ते सूर्यास्त ही त्यांची *मागणी* होती. एवढं थोडं मागितलं होतं. आणि तेही मिळालं नाही. कमिशनने अहवाल दिला, सरकारने तो ठेवून दिला, वर्षं गेली.

मग २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला मोठी सभा झाली. दहा हजार कामगार जमले आणि दोन स्त्री-कामगारांनी भाषणं केली. १८९० मध्ये, दहा हजार लोकांसमोर. त्यांची नावं कुठे सापडली तर मला जरूर कळवा. या सभेनंतर १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. फॉरवर्ड इथे संपतो.

अर्धा तास मात्र मालकांनी नाही, कायद्याने दिला. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात. हा कायदा ५० किंवा जास्त माणसांच्या कारखान्यांना लागू झाला. मुलांचं किमान वय नऊ, नऊ ते चौदाच्या मुलांना सात तास. बायकांना अकरा तास आणि त्यात मिळून दीड तास विश्रांती. आठवड्याला एक सुट्टी सगळ्यांना. आणि आपल्या विषयाचं कलम: प्रत्येक कारखान्यात दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान पूर्ण अर्धा तास काम बंद राहील. पुरुषांना कामाच्या तासांची मर्यादा तेव्हाही नव्हती. त्यांना या कायद्याने फक्त दोनच गोष्टी दिल्या, रविवार आणि हा अर्धा तास.

या कलमाची रचना बघा. 'प्रत्येक कामगाराला अर्धा तास मिळेल' असं ते म्हणत नाही. काम बंद राहील, म्हणतं. इंजिन थांबणार, शाफ्ट थांबणार, सगळे एकदम बाहेर. मला वाटतं हेच त्यातलं खरं शहाणपण होतं, ठरवून केलेलं असो वा नसो. हजार माणसांपैकी कोण कधी जेवला हे कुठल्या इन्स्पेक्टरला तपासता येणार? पण इंजिन चालू आहे की बंद हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळतं. टेस्ट लिहायला सोपी, आणि खोटी पास करायला कठीण. आणि सगळे एकदम उठले की 'तू का उठलास' हा प्रश्नच राहत नाही.

पळवाटही त्याच कायद्यात होती: जिथे पाळ्यांची पद्धत आहे तिथे हे कलम लागू नाही. पळवाटेशिवाय कायदा आपल्याकडे कधी झालाय?

मग आले विजेचे दिवे. १९०० नंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या गिरण्यांत ते भराभर लागले आणि सूर्यास्ताची जी एक नैसर्गिक हद्द होती ती गेली. बाजारात मागणी आली तेव्हा गिरण्या चौदा-पंधरा तास चालायला लागल्या. १८८४ ची 'सूर्यास्तापर्यंत' ही मागणी आठवा. त्यांना बहुतेक पुढचं दिसत होतं.

याच काळातला एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, जी मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी पुढे होती. मुंबईत प्रचंड विरोध झाला, इतका की महापालिकेने स्वतःचा 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत चालू ठेवला. आणि त्या जानेवारीत एका गिरणीतल्या कामगारांनी दगड मारून गिरणीचं घड्याळ फोडलं. इंग्रजी वाचणाऱ्या लोकांना तो अडाणीपणा वाटला. पण हिशेब करा. गिरणी घड्याळाप्रमाणे तेवढ्याच वाजता सुरू झाली तर सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटं आधी सुरू झाली. आणि संध्याकाळी दिवे आहेतच. म्हणजे सुटण्याची वेळ सूर्यावर ठरली की घड्याळावर, हे मालक सांगणार. ज्याचं घड्याळ त्याची मिनिटं. स्वाइप कार्ड वापरणाऱ्या कुणालाही त्या दगडाबद्दल थोडी आपुलकी वाटायला हरकत नाही.

लोखंडे हे बघायला नव्हते. ९ फेब्रुवारी १८९७ ला मुंबईच्या प्लेगात ते गेले. भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं ते २००५ मध्ये.

१९०८ च्या कमिशनमध्ये डॉ. टी. एम. नायर यांनी बाकीच्यांशी न पटल्यामुळे वेगळं मत नोंदवलं, मोठ्या माणसांच्या तासांवरही थेट मर्यादा पाहिजे म्हणून. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांना बारा तासांची मर्यादा पहिल्यांदा घातली, आणि सहा तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती ठरवली. पुढची वर्षं पटकन: १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये ५४, १९४६ मध्ये ४८. ही शेवटची दुरुस्ती बाबासाहेब आंबेडकर केंद्रात मजूरमंत्री असतानाची. (चौदाचे एकदम आठ झाले असं जे पोस्टर फिरतं ते बरोबर नाही, मधल्या पायऱ्या होत्या. पण शेवटची पायरी त्यांचीच, आणि ती लहान नव्हती.)

त्याच १९४६ मध्ये आणखी एक कायदा झाला, त्याबद्दल आपल्या क्षेत्रात कुणी बोलत नाही: स्टँडिंग ऑर्डर्सचा कायदा. तोपर्यंत नोकरीच्या अटी म्हणजे जॉबर तोंडी सांगेल ते. या कायद्याने मोठ्या कारखान्यांना सांगितलं की कामाच्या वेळा, पाळ्या, सुट्ट्या, पगाराचा दिवस, सगळं लेखी करा, सरकारी अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्या, आणि इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत फाटकाजवळ लावा. म्हणजे अटी एकेकट्याच्या खिशात नाहीत, भिंतीवर. माझं तेवीस पानी पीडीएफ पासवर्ड घातलेलं होतं.

आणि मग १९४८ चा फॅक्टरी कायदा. आजोबांचं सगळं गिरणीतलं आयुष्य याच कायद्याखाली गेलं. कलम ५५: सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, त्याआधी किमान अर्धा तास विश्रांती. कलम ५६: विश्रांती धरून सगळा पसारा साडेदहा तासांच्या आत. हे दुसरं कलम फार हुशार आहे. नाहीतर मालक म्हणेल, सकाळी चार तास काम कर, मग पाच तास 'विश्रांती' घे, मग संध्याकाळी ये. कलम ४६: २५० पेक्षा जास्त कामगार असतील तर कँटीन. आणि कलम ४७: १५० पेक्षा जास्त कामगार असतील तर विश्रांतीची आणि जेवणाची खोली, आणि जिथे जेवणाची खोली आहे तिथे कुणीही कामाच्या खोलीत खायचं नाही.

हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. डेस्कवर जेवायला कायद्याने *बंदी* होती! कारण उघड आहे, कापसाची धूळ, तेल, फिरते पट्टे. पण परिणाम हा की जेवायचं असेल तर उठावंच लागणार.

१८९१ आणि १९४८ मधला फरक लक्षात घ्या. १८९१ मध्ये थांबायचं होतं यंत्राने. १९११ पासून आणि मग १९४८ मध्ये पक्कं झालं की थांबायचंय माणसाने. तोवर पाळ्या आल्या होत्या, प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर येत होती, त्यामुळे हे होणारच होतं. हक्क म्हणून तो मोठा झाला. पण सगळ्यांचा एकदम असलेला अर्धा तास प्रत्येकाचा वेगवेगळा व्हायला सुरुवातही इथूनच झाली.

गिरणीत मात्र तो अजून सगळ्यांचाच होता. आजोबांची पहिली पाळी सात ते साडेतीन. साडेआठ तास का, हे मला कधी कळलं नव्हतं. आठ तास काम आणि अर्धा तास जेवण! "अर्धा तास आमचा," आजोबा म्हणतात, "त्यात मुकादमाने हाक मारली तरी ओ द्यायची नाही." लग्नाआधी ते खाणावळीत जेवायचे. गिरणगावात घराघरांतून बायका खाणावळ चालवायच्या. नवरा गिरणीत, आणि ही गावाकडून एकट्या आलेल्या दहा-बारा जणांना दोन वेळचं जेवण घालणार, महिन्याच्या हिशेबावर. यातल्याच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. अर्धा तास कायद्याने दिला हे खरं, पण त्या अर्ध्या तासात गरम भाकरी पोटात जायची ती या बायकांमुळे, आणि त्यांच्या स्वतःच्या जेवणाची वेळ कुठल्याच कलमात नव्हती. आजीने लग्नानंतर आठ जणांची खाणावळ चालवली. ती कधी जेवायची असं मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "बघितलं नाही कधी." मग बराच वेळ फोनवर काही बोलले नाहीत.

आता आपल्याकडे येऊ. आयटी कंपनी म्हणजे कारखाना नाही, त्यामुळे १९४८ चा फॅक्टरी कायदा आपल्याला कधी नव्हताच. आपल्याला दुकाने आणि आस्थापनांचा कायदा. महाराष्ट्राने २०१७ मध्ये तो नव्याने केला तेव्हा त्यातही तेच आकडे होते: दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास. पण विश्वासाच्या, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावरचा माणूस त्यातून वगळलेला. आणि आपल्याकडे दुसऱ्या प्रमोशनला सगळ्यांच्या पदात कुठेतरी 'लीड' किंवा 'मॅनेजर' येतंच. माझ्या हाताखाली कुणीही नाही, पण पत्रावर मी लीड आहे.

कॅलिफोर्नियात असलेल्या एका मित्राला विचारलं. तिथेही आकडे तेच निघाले, पाच तास आणि अर्धा तास, गंमत बघा. फरक असा की मालकाने सुट्टी दिली नाही तर त्या दिवसाचा एक तासाचा पगार जास्त द्यावा लागतो. म्हणजे अर्ध्या तासाला किंमत लावलेली आहे. २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रिंकर खटल्यात सांगितलं की मालकाने सुट्टी खरोखर मोकळी करून दिली पाहिजे, पण कामगार ती घेतोय की नाही यावर पहारा द्यायची गरज नाही. आणि अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात मोठ्या माणसांना जेवणाची सुट्टी द्यायची सक्तीच नाही, राज्याराज्यावर आहे. अर्थात मित्र पगारी इंजिनीअर असल्यामुळे तोही यातून बाहेरच. तोही डेस्कवरच जेवतो.

आणि आपल्याकडे २०२५ मध्ये बरंच काही हललं. सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजची मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत आणि दुकाने-आस्थापनांतली नऊवरून दहापर्यंत न्यायला मंजुरी दिली. मग २१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९४८ चा फॅक्टरी कायदा त्यांच्यात विरघळला. बातम्यांत चर्चा ग्रॅच्युइटी आणि पगाराच्या व्याख्येची झाली, कारण त्याचा हातात येणाऱ्या पगाराशी संबंध आहे. मी मात्र सरळ विश्रांतीचं कलम शोधलं. सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत कलम २५ आहे. दिवसाला आठ तास, हा आकडा तिथे लिहिलेला आहे. पण मध्ये किती विश्रांती आणि एकूण पसारा किती, हे संबंधित सरकार अधिसूचनेने ठरवेल असं म्हटलंय.

म्हणजे अर्धा तास रद्द झाला असं नाही. अधिसूचनेत तो येईल, कदाचित तसाच्या तसा येईल. पण १८९१ पासून जो आकडा कायद्याच्या मजकुरात होता, जो बदलायचा तर कायदेमंडळात बोलावं लागायचं, तो आता कॉन्फिग फाइलमध्ये गेलाय. हार्डकोड केलेली गोष्ट कॉन्फिगमध्ये नेणं वाईटच असतं असं मी म्हणणार नाही, कोड रिव्ह्यूत मीच तसं सांगतो. पण मग मी हेही विचारतो की त्या फाइलवर राइट ॲक्सेस कुणाकुणाला आहे.

असो. मी नवीन कंपनीच्या एचआरला मेल टाकला: चौदाव्या पानावरच्या विश्रांतीच्या वेळेचा आकडा कृपया पत्रात लिहून द्याल का, अर्धा तास लिहिलात तरी चालेल. चार दिवसांनी उत्तर आलं, आमच्याकडे अतिशय फ्लेक्सिबल वातावरण आहे, काळजी करू नये, आणि सोबत कॅफेटेरियाचे फोटो. मी परत लिहिलं, फोटो छान आहेत, आकडा पाहिजे. त्याला आज नऊ दिवस झाले. जॉइनिंग पंधरा तारखेला आहे.

आजोबांना सांगितलं तर म्हणाले, "लिहून नाही दिलं तरी साडेअकराला ऊठ. आणि एकटा उठू नको, शेजारच्याला घेऊन ऊठ."